आईचं सामान

लीटियाने थंडपेटीचं झाकण उघडलं आणि ती बघतच राहिली. आत बर्फ होता. मासे गार राहावेत म्हणून टाकलेला बर्फ नव्हे. नुसताच बर्फ, पेटी काठोकाठ भरून, वर जुना टॉवेल पांघरून निजवलेला.

"बाबा, हे काय आहे?"

"बर्फ," मोसेसी म्हणाला.

"ते दिसतंय मला. कशाला?"

"चहाला. खाडीच्या तोंडाशी हिमनग अडकलाय ना, त्याचा तोडून आणला. ओटावाच्या नळाच्या पाण्याला औषधाचा वास मारतो म्हणे. तसल्या पाण्याचा चहा पाजणार आहेस आईला?"

"बाबा, ओटावात सहा महिने बर्फ पडतो."

"तो आकाशातून पडलेला. कालचा पोर तो. हा बघ, निळा आहे. जुना आहे. याला चव असते."

लीटियाने कपाळावर हात मारला. ज्या आईच्या चहाची ही काळजी चालली होती, ती कोपऱ्यात सोफ्यावर उलटी पडून, पाय भिंतीला लावून, गोठलेल्या माशाचा काप चोखत होती. तिचं नाव मालाया आणि वय सहा.

मालाया ही लीटियाची मुलगी, मोसेसीची नात. पण मोसेसीची आई मालाया वारली त्याच वर्षी ही जन्मली आणि तिला तिचं नाव मिळालं. पांग या त्यांच्या दूर उत्तरेच्या गावात नाव नुसतं हाका मारायला देत नाहीत. नावाबरोबर माणूस येतो आणि माणसाबरोबर त्याचा सगळा मान येतो. त्यामुळे सत्तरी गाठलेला मोसेसी, ज्याने तरुणपणी ध्रुवीय अस्वलाला समोरून तोंड दिलं होतं, तो या पोरीला आई म्हणायचा, आणि ती त्याला 'पोरा' म्हणायची. "पोरा, नाक पूस," म्हणाली की तो निमूट पुसायचा. लीटियाची तर ती आजी. "आजी, पाय खाली घे, भिंत मळते!" असं ती ओरडायची, तेव्हा ऐकणाऱ्या परक्या माणसाला घाम फुटायचा. पांगमध्ये कुणी वळूनही बघत नसे.

लीटिया गावच्या दवाखान्यात कामाला होती. एक वर्ष ओटावात राहून एक्स-रे काढायला शिकायचं आणि परत यायचं, असं ठरलं होतं. मालायाचा बाप खाणीवर होता, तो सुट्टीत तिकडेच जाणार होता. मोसेसीलाही चला म्हटलं होतं, पण दक्षिणेचं नाव काढलं की तो उठून बाहेर चालू लागायचा. तो जाणार नव्हता. मग त्याने सामान बांधायला घेतलं, आणि तिथून घरातली शांतता संपली.

त्याला खरं तर एकच भीती होती. या दोघी परत येणार नाहीत. वर्षाचं म्हणून गेलेला गावातल्याच जुसीपीचा मुलगा आता तिकडे गाड्या दुरुस्त करतो, त्याची पोरं आजोबांशी फोनवर इंग्रजीत बोलतात आणि जुसीपी नुसता हसून मान हलवतो. हे मोसेसी कुणाला बोलून दाखवत नव्हता. बोलायच्या ऐवजी तो खोकी भरत होता.

लीटिया एक वस्तू बाहेर काढायची. ती चहा ठेवायला वळली की हा दोन आत घालायचा. बर्फ कापायची लांब सुरी तिने काढली, तर तिच्या जागी दुर्बीण आणि सीलच्या चरबीची बाटली आली. शाळेत घालायचे कपडे काढून त्याने सुकवलेलं कॅरिबू हरणाचं मांस भरलं, कारण कपडे काय, कुठेही मिळतात. शेवटी त्याने चरबीवर जळणारा दगडी दिवा उचलून आणला. तो ठेवल्यावर खोक्याचा तळच सुटला.

"वर्षभरासाठी चाललोय आम्ही," लीटिया म्हणाली. "नवं गाव वसवायला नाही."

"वर्षात काय काय होतं तुला ठाऊक नाही."

"मग तिथे राहिलेल्या कुणाला तरी विचारा की, काय लागतं ते. उगाच घर रिकामं करू नका."

लीटियाची हीच चूक झाली. मोसेसीने ते शब्दशः घेतलं आणि संध्याकाळी गावच्या रेडिओला फोन लावला.

पांगमध्ये संध्याकाळी रेडिओ लावत नाही असं घर नाही. कुणाची कुत्री सुटली, कुणाकडे जादा पाव आहे, कुणाचा वाढदिवस आहे, सगळं तिथे फोन करून सांगायचं. मोसेसीने खाकरून घसा साफ केला आणि सांगितलं, "आमची लीटिया आणि माझी आई ओटावाला चालल्या आहेत. तिथे कशाची उणीव पडते, ज्याला ठाऊक असेल त्याने सांगावं. आमच्या सामानात अजून जागा आहे."

मग काय, गावाला विषयच मिळाला. एका बाईंनी सांगितलं, तिकडे भर उन्हाळ्यातसुद्धा रात्री अंधार पडतो, इथल्यासारखा उजेड राहत नाही, पोरीला बॅटरी द्या. एक म्हातारा म्हणाला, दुर्बीण अजिबात देऊ नका, जिकडे बघावं तिकडे झाडं आडवी येतात, काही म्हणजे काही दिसत नाही, मी महिनाभर वेडा व्हायचा राहिलो. तिसरी म्हणाली, तिथे कुणी दार ढकलून चहाला आत येत नाही, आधी फोन करून विचारतात, तेव्हा शक्य असेल तर दोन माणसं पाठवा. मोसेसी एकेक सल्ला मान हलवत ऐकत होता. लीटिया उशीत तोंड खुपसून हसत होती. पण हे तिचं शेवटचं हसणं ठरलं, कारण गावाने शेवटचं वाक्य नीट ऐकलं होतं. सामानात जागा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओसरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. गोठवलेल्या माशांची खोकी आली. नारव्हाल देवमाशाच्या कातडीच्या पिशव्या आल्या. कॅरिबूची एक अख्खी तंगडी आली, खुरासकट. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि पट्टीवर नाव. हे माझ्या बहिणीला, ती इस्पितळात आहे. हे आमच्या दादाला, त्याचं मूत्रपिंडाचं चाललंय, विमानतळावर तो स्वतः येईल. हे सुनेला, तिला दिवस गेलेत आणि तिथलं कोंबडीचं मांस बघून तिला ओकारी येते.

"बाबा, तुम्ही काय करून बसलात!" लीटिया रडकुंडीला आली.

"मी सल्ला मागितला होता," मोसेसी पडेल आवाजात म्हणाला.

नाही म्हणायची सोय नव्हती. दूर इस्पितळात पडलेल्या माणसासाठी घरचं मांस नेणार नाही, असं पांगमध्ये कुणाला म्हणता येत नाही. म्हणणाऱ्याला पुढे त्याच गावात राहायचं असतं.

तेवढ्यात कूनू आली. कूनू म्हणजे मोसेसीची थोरली बहीण. तिची जीभ गावात नावाजलेली होती. तिने दार ढकललं, खोक्यांवरून उड्या टाकत आत आली आणि बूट काढायच्या आधी दिवा बघितला.

"मोसेसी, हा दगड कुणाच्या डोक्यात घालायला पाठवतोयस?"

"वीज गेली तर?"

"ओटावात वीज गेली तर सरकार धावत येऊन लावेल. इथे गेली की बसायचं आपण. आणि त्या घरांना छताला धूर हुंगणारी यंत्रं असतात. हा दिवा लावलास तर बंबवाले येतील आणि आपल्या आईला खिडकीतून शिडीने उतरवतील."

"मला शिडी चालेल," सोफ्यावरून मालाया म्हणाली.

"तू गप गं आई. तुझं काय, तुला सगळंच चालतं."

"ताई, आईशी नीट बोल," मोसेसी म्हणाला.

"मी तुझ्याआधी जन्मलेय तिच्या पोटी, मला शिकवू नकोस!"

भांडण या थराला गेलं की न्याय मालायाकडे जायचा. इलाजच नव्हता. दोन म्हातारी भावंडं आणि त्यांची एकच आई. लीटियाने दमून एकेक वस्तू उचलून तिच्यासमोर धरायला सुरुवात केली. मालाया तोंडातला मासा बाहेर न काढता निकाल देत होती. भुवया वर गेल्या की हो, नाक आक्रसलं की नाही. पांगमध्ये एवढ्यावर अख्खे संसार होतात.

दिवा. नाक आक्रसलं. कूनूने विजयाने हात झाडले.

कूनूने आणलेलं लोकरीचं खाजरं बनियन. नाक आक्रसलं. मोसेसी खुदकन हसला.

बर्फाची सुरी. भुवया केसांपर्यंत गेल्या.

"आजी, ही हातभर सुरी आहे! शाळेत नेणार आहेस का?"

भुवया आणखी वर.

"बघ," मोसेसी म्हणाला, "तिला कळतं काय लागेल ते. तिला ठाऊक आहे, एकदा जाऊन आलीये ती. तेव्हा नव्हतं काही बरोबर तिच्या."

हे तो बोलून गेला. कूनूने हातातलं बनियन मांडीवर ठेवलं.

मोसेसी तेव्हा आताच्या मालायाएवढा, सहा वर्षांचा होता. उन्हाळ्यात डॉक्टरांचं जहाज खाडीत आलं होतं. सगळ्यांना होडीने वर नेलं, रांगेत उभं करून छातीचे फोटो काढले. ज्यांची छाती क्षयाने खराब निघाली त्यांना परत खाली उतरू दिलं नाही, तसंच दक्षिणेच्या इस्पितळात नेलं. आई वरच राहिली. या दोघांना होडीत बसवून किनाऱ्याला आणून सोडलं, तेव्हा त्यांच्या तंबूत चुलीवरचं मांस अजून गरम होतं. आई गेली ती अंगावरच्या कपड्यांनिशी. सुई नाही, सुरी नाही, पांघरूण नाही. तीन वर्षांनी ती बरी होऊन परत आली, स्कर्ट घातलेली आणि केस कुरळे केलेली, आणि मोसेसी कूनूच्या मागे लपून बसला, कारण ही बाई कोण हे त्याला कळेना. पुढे ती खूप जगली, नव्वदीला टेकून गेली, त्याच्या हातचं खाऊन गेली. पण त्याच्या डोक्यात त्या वयात जे बसलं ते निघालं नव्हतं. तिच्याजवळ आपलं काही नव्हतं, म्हणून तिला इतका वेळ लागला. आपलं काही जवळ असतं तर ती लवकर आली असती. हे खुळं आहे हे त्याला कळत होतं, पण हात खोकी भरायचे थांबत नव्हते.

मालायाने मासा तोंडातून काढला.

"पोरा, तेव्हा मी रडले होते का?"

"मला काय ठाऊक, आई," मोसेसी म्हणाला. "तू जहाजावर होतीस. मी किनाऱ्यावर होतो."

मालायाने थोडा विचार केला. "नसेन रडले," ती म्हणाली. मग तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, आणि आईच्या मायेने भुवया उचलल्या. दिवासुद्धा घ्या.

"झालं!" लीटिया म्हणाली.

पांगची धावपट्टी गावाच्या मधोमध आहे, तेव्हा सामान न्यायला लांब जायचं नव्हतं. चारचाकी मोटरसायकलच्या मागे गाडा जोडून मोसेसीने सगळं ओढत नेलं. पण आदल्या दिवशी वाऱ्यामुळे विमान उतरलंच नव्हतं. त्यामुळे आज दोन दिवसांची माणसं आणि त्यांचं सामान त्या छोट्याशा खोलीत कोंबलेलं होतं. वजनकाट्यामागे तूमासी उभा होता, लीटियाचा आतेभाऊ. गाड्यावरचा डोंगर बघून त्याने दोन बोटं वर केली.

"ताई, आज माणशी दोनच नग. बाकीचं पुढच्या विमानाने, जागा असेल तर."

"तूमासी, अरे घरचा माणूस ना तू?" मोसेसी म्हणाला.

"मामा, या खोलीत घरचा नाही असा एक माणूस दाखवा मला," तूमासी म्हणाला.

लीटियाने वाद घातला नाही. आजाऱ्यांचं मांस आधी, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. चारांपैकी दोन नग त्यातच गेले. तूमासीने डोळे मिटून काटा वाचला आणि तंगडीचं खूर बाहेर राहिलंय हे त्याला दिसलं नाही. तिसरी लीटियाची बॅग, दोघींचे कपडे आणि पुस्तकं. चौथं मालायाचं खोकं. बर्फाच्या पेटीवर काही चर्चाच झाली नाही. ताटकळलेल्या लोकांनी ती परस्पर उघडली, तूमासीची किटली भरली, आणि विमान येईतो सगळी खोली निळ्या हिमनगाचा चहा प्यायली. चहा चांगला झाला होता, हे लीटियालाही कबूल करावं लागलं.

राहिलं मालायाचं खोकं. काट्याने ते नाकारलं.

"यातलं अर्धं काढावं लागेल," तूमासी म्हणाला.

मोसेसी पुढे झाला, पण मालायाने त्याला हाताने मागे सारलं. "माझं आहे ना? मीच काढते." ती गुडघ्यांवर बसली आणि एकेक वस्तू जमिनीवर ठेवू लागली. दिवा काढायला तिला दोन्ही हात लागले. मग दुर्बीण, सुरी, चरबीची बाटली आणि बॅटरी, कारण रेडिओवरचा तोही सल्ला वाया गेला नव्हता. प्रत्येक वस्तूसरशी मोसेसीचं तोंड उतरत गेलं. सगळ्यात खाली सीलच्या कातड्याचे तिचे बूट होते, कूनूने गेल्या हिवाळ्यात शिवलेले. मालायाने तेही काढले.

"तेवढे राहू दे, आई," मोसेसी म्हणाला. "बाकी सगळं राहिलं तरी चालेल. बूट ने. काहीतरी आपलं ने."

मालायाचं नाक आक्रसलं. "तिकडे दुकानातले घालायचेत. हे इथे पाहिजेत. इथे नसले तर परत आल्यावर मी काय घालू?"

इतके दिवस मोसेसी तिला जायला काय लागेल तेच बांधत होता. यायला काय लागेल, हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

मालायाने एक बूट पायाला लावून बघितला. आताच तो जरा घट्ट झाला होता.

"पण मी येईन तेव्हा हे होणार नाहीत," ती म्हणाली. "पोरा, मोठे शिवून ठेव."

"मला शिवता येत नाही, आई. कधी शिवलं नाही मी."

"मी शिवते की," कूनू म्हणाली.

नाक पुन्हा आक्रसलं. "तू नाही, पोरी. तो. त्याने शिकायचं. मी पण शाळेतच चाललेय."

आईच म्हणाली होती. विमान आलं, दारं उघडली, वारा खोलीभर फिरला. लीटियाने बापाच्या गालाला नाक लावून खोल श्वास घेतला, लहानपणी घ्यायची तसा. मालाया पायऱ्यांपाशी गेली आणि मग परत पळत आली. "पोरा, जेवत जा," तिने बजावलं. "आणि ताईशी भांडू नकोस." आणि ती गेली.

घरी आल्यावर मोसेसीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर सीलचं कातडं पसरलं. कूनूने त्याला सुई दाखवली, दोरा दाखवला, आणि तो सुई कशी धरतो ते बघून पोट धरून हसली. "सील मारायचा हार्पून नाहीये तो!" मोसेसी हसला नाही. त्याने मालायाचा बूट कातड्यावर ठेवला आणि पेन्सिलीने भोवती रेघ काढायला घेतली. रेघ बुटाला अगदी चिकटून निघाली.

"एवढे नकोत," कूनू म्हणाली. "मोठे."

"वर्षात पाय वाढून वाढून केवढा वाढेल?"

"आई परत आली तेव्हा तिने तुझ्यासाठी बूट आणले होते. आठवतं तुला?"

"नाही."

"कसं आठवेल? तू माझ्या मागून बाहेर यायलाच तयार नव्हतास. इस्पितळात खाटेवर बसून शिवले होते तिने. कुणाकुणाकडून कातडं मागून. पण ती गेली तेव्हा तुझा पाय जेवढा होता, तेवढेच शिवले. तीन वर्षं ती तुला तेवढाच धरून चालली होती रे. तुझा अंगठासुद्धा आत गेला नाही."

मोसेसीने पेन्सिल खाली ठेवली. हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आईकडे तिथे आपलं काही नव्हतं, असं तो इतकी वर्षं समजत होता. त्याला आईसाठी रडू आलं, आणि आई या क्षणी विमानात बसून खिडकीला नाक लावून असेल हे आठवलं तरी थांबेना. कूनूने त्याला रडू दिलं. तिने भांडणही काढलं नाही.

मग त्याने बाहीने नाक पुसलं आणि पहिली रेघ खोडली. दुसरी जरा बाहेरून काढली. कूनूने त्या रेघेकडे बघून मान हलवली.

"अजून बाहेर. मोठे झाले तर आत मोजे घालेल ती. लहान झाले तर मग काही करता येत नाही."